बजावणे आणि कळवणे

दुकानावरची पाटी मराठीत असली पाहिजे असा महाराष्ट्रात कायदा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, इथपर्यंत त्या दुरुस्तीने बारकाई दाखवली. मुंबईचे काही दुकानदार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलण्यास सांगितले. फार चांगले झाले. मी मराठीचा लेखक. मला आनंद न होऊन कसे चालेल? परंतु त्याच दुकानाच्या आत, गल्ल्यामागच्या खिळ्याला टोचून ठेवलेले जे कागद आहेत ते कोणत्या भाषेतले आहेत, हे कोणी वाकून पाहिले आहे काय? दुकानदाराने गिऱ्हाइकाला आपले नाव मराठीत सांगावे, त्यात कसूर केली तर दंड भरावा. आणि कर, व्याज, शास्ती यांच्या नोटिसा मात्र त्याने मुकाट्याने इंग्रजीत घ्याव्यात, असा हा न्याय आहे. पाटीवरच्या अक्षरांची उंची फूटपट्टीने मोजणाऱ्या सरकारने ती फूटपट्टी स्वतःच्या कागदाला कधी लावली?

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. चार कादंबऱ्या नावावर आहेत. त्यामुळे गावात माझ्याविषयी असा समज आहे की, ज्याअर्थी हा माणूस इतके लिहितो, त्याअर्थी याला वाचताही येत असले पाहिजे. त्या समजापायी रविवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात कागद घेऊन माणसे बसलेली असतात. शिंपी असतो, भुसार दुकानदार असतो, कारखान्यातून कमी केलेला फिटर असतो, नवरा वारल्यावर त्याच्या नावचे पाकीट घेऊन आलेली बाई असते. मी वकील नाही, करसल्लागार नाही. फी घेत नाही. उलट चहा माझाच जातो. पण पंधरा वर्षे दुसऱ्यांचे कागद वाचून माझे एक मत बनले आहे आणि ते या दिवाळीत सांगून टाकणार आहे. आपल्याकडे नोटीस बजावण्याचे शास्त्र परिपूर्ण झाले आहे. नोटीस कळवण्याचा विचारच झालेला नाही.

मुळात नोटीस ही वस्तू कोणाची? सामान्य माणसाला वाटते, ते सरकारचे हत्यार आहे. वस्तुतः ते नागरिकाचे चिलखत आहे. तुमच्याविरुद्ध काही करण्यापूर्वी तुम्हांला सांगितले पाहिजे आणि तुमचे म्हणणे ऐकले पाहिजे, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वातून नोटीस जन्माला आली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका कंत्राटदाराच्या प्रकरणात स्वच्छ सांगितले की, नोटिशीत आरोप तर असावाच, पण तुमच्यावर कोणती कारवाई योजली आहे तेही असावे. कारण शिक्षा काय होणार हे ठाऊक नसेल तर माणूस बचाव कशाचा करणार? इतकी साधी गोष्ट आहे. ज्याला कागद समजलाच नाही त्याला आरोपही समजला नाही आणि शिक्षाही समजली नाही. मग त्याच्या हाती चिलखत दिले काय आणि पत्र्याचा तुकडा दिला काय!

आणि हे तत्त्व आपल्या कायद्याला ठाऊक नव्हते असे नाही. मला सर्वांत चीड येते ती इथेच. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १०८ वे कलम मी एकदा मुद्दाम मिळवून वाचले. कारखान्यात लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. त्या मुख्य दरवाज्याशी, सहज दिसेल अशा सोयीच्या जागी लावाव्यात. आणि त्या स्वच्छ व वाचता येतील अशा स्थितीत राखाव्यात, असे ते कलम सांगत होते. कोणत्या तरी कारकुनाने लिहिले असेल, पण त्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे माणूस होता! तेलाने काळवंडलेले हात असलेला, पाळी संपवून बाहेर पडणारा, उजेड कमी असताना फळ्यापाशी थबकणारा माणूस. त्याआधी १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानेही मालकाला हेच बजावले होते: कामाच्या अटी, रजा, बडतर्फीचे नियम प्रवेशद्वाराशी खास फळ्यांवर, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावा. १९३६ च्या वेतन कायद्यातही कामगारांच्या भाषेची तरतूद होती. हे कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितांत विरून गेले. त्याबद्दल रडण्याचे हे स्थळ नव्हे. माझा प्रश्न निराळा आहे. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत आणि स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षांत खाजगी मालकाला जे बंधन घालता आले, ते स्वतंत्र देशाच्या सरकारला पाऊणशे वर्षांत स्वतःवर घालून का घेता आले नाही? मालकाने कामगाराला समजेल असे लिहावे. सरकारने मात्र कोणालाही न समजेल असे लिहावे. मालक सरकारला भितो. सरकार कोणाला भिते?

आता एका शिंप्याची हकिगत सांगतो. हा गृहस्थ शाळांचे गणवेश शिवत असे. एका मोठ्या संस्थेचे काम मिळावे म्हणून त्याने वस्तू व सेवा कराची नोंदणी करून घेतली. करून घेतली म्हणजे कोणा एजंटाला पैसे दिले. अर्जात मोबाइल एजंटाचा, ईमेल एजंटाचा. पुढे करोना आला, शाळा बंद झाल्या, गणवेश कोण शिवणार? धंदा नाही तर विवरणपत्र कसले, असे त्या बिचाऱ्याला वाटले. धंदा शून्य असला तरी शून्याचे विवरणपत्र भरावे लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग नोटीस निघाली. नोंदणी रद्द का करू नये, याचे उत्तर कामाचे सात दिवस संपण्याच्या आत द्या! ती गेली एजंटाच्या ईमेलवर आणि संकेतस्थळाच्या एका कोनाड्यात. एजंट तोवर नंबर बदलून दुसऱ्या शहरात गेलेला. सात दिवस उलटले, नोंदणी रद्द झाली. त्याविरुद्ध अर्ज करण्याची तेव्हाची मूळ मुदत ३० दिवसांची होती. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती ९० झाली आहे. तीही उलटली. आपला नंबर मेलेला आहे हे त्याला कोणी कळवले? ज्या संस्थेने नवी ऑर्डर द्यायची, तिच्या हिशेबनिसाने! गणवेशाचे काम दुसऱ्याला गेले. शिंपी माझ्याकडे आला तेव्हा हातात तो छापून आणलेला इंग्रजी कागद होता आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, "मास्तर, मी केलं काय?"

खात्याचे उत्तर तयार असते. २०१७ च्या कायद्याचे १६९ वे कलम पहा. नोटीस हाती द्यावी, टपालाने पाठवावी, ईमेल करावी, संकेतस्थळावर ठेवावी, वर्तमानपत्रात द्यावी, किंवा दारावर डकवावी. यांपैकी एक केले की बजावणी झाली. माणसाच्या हाती कागद देणे आणि माणूस जिथे कधी जात नाही अशा संकेतस्थळाच्या अडगळीत कागद ठेवणे, या दोहोंना एकच वजन! मौज अशी की त्या संकेतस्थळावरही नोटिसांचे दोन कप्पे होते. एक साधा नोटिसांचा, आणि दुसरा 'अतिरिक्त' नोटिसांचा. व्यापारी पहिला कप्पा उघडून निश्चिंत होत आणि नोटीस दुसऱ्यात पडून राही. दिल्लीच्या आणि मद्रासच्या उच्च न्यायालयांपुढे अशी प्रकरणे गेली आणि न्यायाधीशांनी व्यापाऱ्यांना पुन्हा संधी दिल्या. म्हणजे चारदोन व्यापारी वकील लावून दिल्ली-मद्रासला न्याय मिळवून आले. आमचा शिंपी कुठे जाणार? त्याची धाव माझ्या व्हरांड्यापर्यंत.

या सात दिवसांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ८० वे कलम आहे. तुम्हांला सरकारवर दिवाणी दावा लावायचा असेल तर सामान्यतः आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि पुढे दोन महिने थांबावे लागते. त्या नोटिशीत तुमचे नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि तुम्ही मागता ती दाद, हे सारे स्पष्ट हवे. सरकारजवळ वकील, टंकलेखक, शिपाई, मोटारी, सर्व काही. तरी त्याला विचार करायला दोन महिने. शिंप्याजवळ एक शिवणयंत्र. त्याला सात दिवस. इंग्रजांनी हा नियम आपल्या सोयीसाठी केला असेल, आम्ही तो भक्तिभावाने जपला.

प्राप्तिकराची तऱ्हा वेगळी. तिथे नोटिशीपेक्षा नोटिशीच्या भीतीने माणसे जास्त मरतात. माझ्या शाळेतल्या एका निवृत्त सहकाऱ्याला जुन्या १९६१ च्या कायद्याच्या १४३(१) कलमाखालचा कागद ईमेलने आला. दोन रात्री गृहस्थ झोपले नाहीत. मी पाहिले तर दोन रकाने: एकात तुम्ही दाखवलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने काढलेले. दोन्ही जुळत होते. देणे शून्य, येणे शून्य. तो कागद म्हणजे नुसते 'तुमचा हिशेब पाहिला, बरोबर आहे' एवढेच. पण हे वाक्य त्या सबंध कागदात कुठेही नाही! हेच रकाने जुळले नसते तर तोच कागद मागणीची नोटीस समजला गेला असता. एकाच तोंडवळ्याचा कागद कधी पाठ थोपटतो, कधी खिसा कापतो. १३९(९) खालचा कागद सांगतो की विवरणपत्रात दोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा. १४३(२) खालचा सांगतो की तुमची तपासणी होणार आहे. १४८ खालचा जुने वर्ष उकरून काढतो. सामान्य माणसाला सारे सारखेच. त्यात २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली, म्हणजे जुन्या वर्षांसाठी जुने आकडे आणि नव्यासाठी नवे. आमच्या पोरांना पाढे पाठ होत नाहीत म्हणून आम्ही छड्या मारत होतो! शिवाय भीतीच्या या पिकावर टोळधाड असतेच. खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणारे भामटे आहेत. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर एक ओळखक्रमांक असावा असा दंडक आहे आणि तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. चांगली सोय आहे. ती सोय आहे हे कोणत्या भाषेत सांगितले आहे, ते मात्र विचारू नका.

कोणी म्हणेल, हे केंद्राचे कर. तिथे मराठी कशी चालणार? केंद्राच्या १९६३ च्या राजभाषा कायद्यात हिंदी आहे, इंग्रजी आहे, कबूल. परंतु घटनेचे ३५० वे कलमही आहे. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मी मराठीत रडू शकतो! मला मारताना मात्र मराठीत सांगण्याची सक्ती कोणावर नाही. ही घटनाकारांची चूक मी मानत नाही. त्यांनी दार अर्धे उघडून दिले, उरलेले अर्धे उघडण्याचे काम आमच्या खासदारांचे होते. ते पाट्या मोजत बसले.

दुसरे कोणी म्हणतील, मराठीत कायद्याची अचूकता राहत नाही. हे ऐकले की माझे डोके फिरते. सातबाराचा उतारा मराठीत आहे आणि त्याच्या जोरावर या राज्यात जमिनी विकल्या जातात, भावाभावांची डोकी फुटतात, फाशीपर्यंत मजल जाते. तिथे कोणाला अचूकता कमी पडलेली दिसली नाही. 'मुदत', 'हरकत', 'वसुली', 'जप्ती', 'जामीन', 'थकबाकी', हे शब्द निरक्षर म्हातारीलाही कळतात. त्यांच्याइतका अचूक शब्द इंग्रजीत मला दाखवा.

पण, आणि आता ज्यांनी एवढा वेळ माना डोलावल्या त्यांच्याकडे वळतो, मराठीत आली म्हणजे नोटीस कळली, असे समजणाऱ्या भाबड्या भाषाभिमान्यांत माझी गणना करू नका. राज्याचा राजभाषा कायदा १९६४ चा. भाषा संचालनालय त्याहून जुने, १९६० चे. १९६२ साली पदनाम कोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. मला विचाराल तर त्या हसण्याने थोडे नुकसानच झाले. लोकांना वाटले, दोष शब्दांत आहे. शब्द बिचारे रुळतात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला तेव्हाही ते शब्द लोकांना नवेच होते. खरा दोष वाक्यात आहे. 'ज्याअर्थी आपण उपरोक्त संदर्भान्वये विहित मुदतीत विवरणपत्र सादर करण्यात कसूर केलेली आहे, त्याअर्थी आपणांविरुद्ध नियमोचित कार्यवाही का अनुसरण्यात येऊ नये याबाबतचा खुलासा इकडील कार्यालयास सादर करणेत यावा.' मी हे वाक्य आत्ता बसल्या बैठकीत बनवले आहे, पण कोणत्याही कचेरीत ते खपून जाईल. त्याचा अर्थ: तुम्ही कागद भरला नाही, का, ते सांगा. बस्स! आणि 'कारणे दाखवा' हा काय प्रकार आहे? मराठी माणूस कारण सांगतो, कारण देतो, दाखवतो कधी? ती नवरा वारलेली बाई, नवऱ्याच्या नावावर आलेली असली नोटीस घेऊन आली तेव्हा सोबत पिशवीभर कागद घेऊन आली होती. शिधापत्रिका, मृत्यूचा दाखला, लग्नाची पत्रिकासुद्धा. दाखवा म्हटले आहे ना, मग दाखवायला नको? तिचे मराठी बरोबर होते. खात्याचे चूक होते.

आता घरच्यांनाही दोन शब्द. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांचा एक समज आहे: पोस्टमनने आणलेला सरकारी लिफाफा घेतला नाही की नोटीस लागू होत नाही. घरात बसून 'ते गावाला गेलेत' म्हणून सांगणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याच्या २७ व्या कलमाने या शहाणपणाचा केव्हाच निकाल लावला आहे. योग्य पत्त्यावर, पुरे टपालहशील भरून, रजिस्टर टपालाने धाडलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, पोहोचला असेच धरले जाते. 'घेण्यास नकार' हा पोस्टमनचा शेरा तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. ते रजिस्टर टपालच २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. समज मात्र अजून विलीन होत नाही. लिफाफा घ्या. तारीख घाला. पाकीटही जपून ठेवा, त्यावरच्या शिक्क्यावरून मुदत मोजता येते. पण मला या लोकांचा राग येत नाही. ज्या कागदातून कधी अर्थ बाहेर पडला नाही, फक्त संकट बाहेर पडले, तो कागद घरात घेऊ नये असे वाटणे अगदीच वेडेपणाचे नाही.

या गोंधळावर कोणाचे पोट भरते हेही पाहिले पाहिजे. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत पूर्वी दोन अर्जनवीस होते. आता करसल्ल्याच्या पाट्या मोजता मोजता दमायला होते. सगळ्या मराठीत, नियमाप्रमाणे! त्यांत सज्जन आहेत, कष्टाळू आहेत, चार माझे विद्यार्थीही आहेत. पण ज्या नोटिशीला एक ओळ उत्तर पुरे, तिला हजारो रुपये घेणारेही आहेत. ते फसवतात म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. विहीर गावाबाहेर खोदली की पाणी विकणारे येणारच.

मग मागणी काय? सबंध कायदा मराठीत करा, सगळे अधिकारी मराठी शिकवा, असले काही मी मागत नाही. १९६६ च्या नियमांनी राज्याने काही प्रयोजने मराठीच्या सक्तीतून वगळली आहेत. ती यादी तूर्त तशीच राहू द्या. इंग्रजी कागद खुशाल पाठवा. फक्त त्याच्या माथ्यावर, पहिल्या पानाच्या वरच्या अंगाला, पाच ओळी मराठीत छापा. यंत्रच जर नोटीस लिहिते आहे तर त्याला पाच ओळी जास्त लिहायला कंटाळा येण्याचे कारण नाही. संकेतस्थळावर नोटीस ठेवली आणि आठ दिवसांत कोणी उघडली नाही, तर एक कागद टपालाने घरी धाडा, आणि मुदत त्या दिवसापासून मोजा. पाच ओळी कशा असाव्यात असा प्रश्न खात्याला पडेल, म्हणून मसुदाही इथेच देऊन ठेवतो. शिंप्याच्याच प्रकरणाचा आहे:

'तुम्ही सहा महिने विवरणपत्र भरलेले नाही. धंदा झाला नसेल तरी ते भरावे लागते. तुमचे म्हणणे या तारखेपर्यंत कळवा, मराठीत लिहिले तरी चालेल. कळवले नाही तर तुमची नोंदणी रद्द होईल आणि तुम्हांला कराचे बिल देता येणार नाही. काही समजले नाही तर या नावाच्या माणसाला या नंबरावर विचारा, तो सांगेल.'

शेवटच्या ओळीतल्या नावाला खाते बहुतेक हरकत घेईल. बाकीच्या चार ओळी वाटेल तेव्हा उचलाव्यात. माझी परवानगी विचारण्याची गरज नाही.